रिकाम्या फुप्फुसांनी

वयाच्या ४२व्या वर्षी मी पोहायला शिकले, आणि त्यातलं मला सगळ्यात जड गेलं ते बुडणं. हसू नका. उथळ बाजूला, छातीभर पाण्यात उभं राहायचं, तळाशी जाऊन मांडी घालून बसायचं, मनात दहा आकडे मोजायचे आणि वर यायचं, एवढंच सरांनी सांगितलं होतं. मी छाती फुगवून, गाल फुगवून, नाक चिमटीत धरून खाली जायची आणि पाण्यात दाबलेल्या चेंडूसारखी उसळून वर यायची. चार-पाच वेळा हाच तमाशा झाल्यावर सर काठावरून ओरडले, "अहो ताई, एवढी हवा भरून घेतलीत तर पाणी तुम्हाला खाली जाऊ देईल का? सोडा ती आधी!"

सोडा म्हणे! लांबच्या प्रवासाला निघालेल्याला शिदोरी इथेच ठेवून जा म्हणण्यातला प्रकार. मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण छातीने ऐकलं नाही.

पुढे काही महिन्यांनी, पाण्याखाली राहणाऱ्या प्राण्यांबद्दल वाचायचा नाद लागलेला असताना, एका ओळीपाशी मी थबकले. सील खोल बुडी मारण्याआधी श्वास आत घेत नाही, बाहेर सोडतो. मला पहिल्यांदा आठवले ते सर.

तोवर माझ्या लेखी सील म्हणजे बर्फावर लोळणारा, मिशाळ, काहीसा आळशी जीव. पण अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगतचा वेडेल सील, चारशे-पाचशे किलोंचं धूड, ६०० मीटरपर्यंत खाली जातो आणि वेळ पडली तर तासाहून जास्त वेळ पाण्याखाली राहतो. दक्षिणेकडचा हत्ती सील दोन किलोमीटरपेक्षा खोल गेल्याची आणि दोन तास खाली राहिल्याची नोंद आहे. आणि माणूस? फ्रान्सच्या स्तेफान मिफ्स्यूने २००९मध्ये ११ मिनिटं ३५ सेकंद श्वास रोखून दाखवला. तोही तलावात, हातपाय न हलवता, पालथा तरंगत. सील त्याच्या पाचपट वेळ खाली असतो आणि तेवढ्यात शिकार करून येतो. तोही हवा न घेता.

हे कोडं सुटायला मला बरेच दिवस लागले, कारण मी चुकीच्या जागी बघत होते. मी फुप्फुसांकडे बघत होते.

पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. ६०० मीटरवर तो वरच्याच्या साठपट होतो. एवढ्या दाबाखाली फुप्फुसात हवा असेल तर त्यातला नायट्रोजन रक्तात घुसतो आणि वर येताना, दाब उतरला की, तो रक्तात, सांध्यांत, मज्जातंतूंत बुडबुडे होऊन फुटतो. पाठीवर टाकी बांधून उतरणारे पाणबुडे याच भीतीने टप्प्याटप्प्याने वर येतात. सीलने हा प्रश्न मुळातूनच काढून टाकला आहे. साधारण २५ ते ५० मीटरवर पोचेपर्यंत त्याची फुप्फुसं मिटतात. अगदी चपटी. बरगड्या लवचिक असल्यामुळे छाती मोडत नाही, आत दबते. उरलीसुरली हवा कुर्चेने मजबूत केलेल्या श्वासनलिकांमध्ये ढकलली जाते, आणि तिथून ती रक्तात शिरू शकत नाही. हवेची आणि रक्ताची गाठच पडत नाही. वर येताना फुप्फुसं पुन्हा उघडतात, कारण त्यांच्या आतला निसरडा थर भिंतींना एकमेकींना चिकटू देत नाही. माझं फुप्फुस असं मिटलं तर ती आणीबाणी. त्याचं दिवसातून कितीतरी वेळा मिटतं.

म्हणजे ज्या पिशवीत मी माझी सगळी शिदोरी भरू पाहत होते, ती सील दारातच रिकामी करून निघतो. मग त्याची शिदोरी असते कुठे?

रक्तात, आणि त्याहून गमतीचं म्हणजे मांसात. माणसाच्या शरीरातल्या प्राणवायूच्या साठ्यापैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त फुप्फुसात असतो. वेडेल सीलच्या फुप्फुसात जेमतेम वीसावा हिस्सा. पण एकूण साठा पाहिला तर दर किलो वजनामागे त्याच्याकडे आपल्या चौपट प्राणवायू असतो. आपल्या वजनाचा सुमारे सात टक्के भाग रक्ताचा, त्याच्या वजनाचा सुमारे चौदा. त्या रक्तात हिमोग्लोबिनही कितीतरी दाट. आणि स्नायूंत मायोग्लोबिन एवढं ठासून भरलेलं की सीलचं मांस लाल नाही, जवळजवळ काळं दिसतं. मायोग्लोबिन म्हणजे हिमोग्लोबिनचा घरकोंबडा भाऊ: रक्ताबरोबर हिंडत नाही, स्नायूतच बसून प्राणवायू धरून ठेवतो. प्रथिनाची त्रिमितीय रचना माणसाने पहिल्यांदा पाहिली ती १९५८मध्ये, जॉन केंड्र्यूमुळे, आणि ते प्रथिन म्हणजे स्पर्म व्हेलचं मायोग्लोबिन. बुडी मारणाऱ्या प्राण्याचंच निवडलं, कारण ते तिथे भरपूर सापडतं. मग एवढं प्रथिन एका जागी कोंबलं तर त्याच्या गुठळ्या कशा होत नाहीत? याचं उत्तर मिळायला २०१३ उजाडलं. बुडी मारणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या मायोग्लोबिनच्या पृष्ठभागावर धन विद्युतभार जास्त असतो, त्यामुळे रेणू एकमेकांना दूर लोटत राहतात. गच्च भरलेल्या डब्यात प्रत्येकाने कोपर बाहेर काढून उभं राहावं तसं.

पण माझा जीव जडला तो पाणथरीवर. डॉक्टर तिला प्लीहा म्हणतात. पोटात डावीकडे निमूट पडून असलेला हा अवयव काढून टाकला तरी माणूस जगतो, म्हणून तिला फारसं कुणी विचारत नाही. सीलमध्ये मात्र ती कोठार आहे. दाट रक्त नेहमीच अंगात खेळवायचं तर हृदयाला ते ढकलताना त्रास, म्हणून सील वर असताना आपल्या तांबड्या पेशींचा मोठा हिस्सा पाणथरीत ठेवून देतो. बुडी मारली की पाणथरी आवळते आणि त्या पेशी रक्तात सोडते. वेडेल सीलच्या रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण दहा-पंधरा मिनिटांत चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवरून साठीच्या घरात जातं. माणसाची पाणथरीसुद्धा श्वास रोखल्यावर थोडी आवळते. आग्नेय आशियात पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात बुड्या मारून जगणाऱ्या बाजाऊ लोकांची पाणथरी जवळच्या शेतकरी समाजापेक्षा सुमारे दीडपट मोठी असल्याचं २०१८मध्ये दिसून आलं. त्यांच्यातल्या बुडी न मारणाऱ्यांचीसुद्धा. बिनकामाची म्हणून हिणवलेल्या अवयवाने असं कोठार उघडून दाखवावं, याचा मला उगाच आनंद झाला.

तर साठा मोठा आहे. पण नुसत्या साठ्याने हिशोब लागत नाही. चौपट साठ्यात आपल्या चौपट वेळ निघावा, पण सील तासभर काढतो. उरलेलं सगळं खर्चाच्या बाजूला आहे.

इथे दोन शास्त्रज्ञांची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण दोघांनी एकाच प्राण्याला दोन तऱ्हांनी प्रश्न विचारला आणि दोघांना वेगवेगळी उत्तरं मिळाली.

पहिला पेर शोलांडर. १९४०मध्ये त्याचा मोठा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्याने सीलला फळीला बांधलं, पाण्यात बुडवलं आणि आत काय होतं ते मोजलं. हृदयाचे ठोके धाडकन उतरले. हातापायांकडे, आतड्यांकडे, मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या धमन्या आवळल्या. रक्त उरलं ते मुख्यतः मेंदूपुरतं. स्नायू मुख्य प्रवाहापासून तुटले, आपल्या मायोग्लोबिनवर जगू लागले, आणि ते संपल्यावर प्राणवायूविना काम करत लॅक्टिक आम्ल साठवू लागले. सील पाण्याखाली असताना रक्तात ते आम्ल जवळपास दिसतच नव्हतं. वर येऊन पहिला श्वास घेतला, बंद वाटा उघडल्या, आणि मग ते एकदम रक्तात लोटलं. बुडीतली सगळी उधारी दारात पाऊल टाकताच वसूल.

चित्र असं झालं: सील म्हणजे दर बुडीला शरीराची दारं एकेक करून लावून घेणारा, मरणाच्या काठावर जाऊन परत येणारा प्राणी.

दुसरा जेराल्ड कूयमन. १९६०च्या दशकात तो अंटार्क्टिकात मॅकमर्डो साउंडमध्ये गेला. समुद्र तिथे जाड बर्फाखाली झाकलेला असतो. त्याने भेगांपासून दूर, अखंड बर्फात एक भोक पाडलं, वेडेल सीलला तिथे आणून सोडलं. श्वास घ्यायचा तर सीलला त्याच भोकाशी परत यावं लागणार; म्हणजे त्याच्या पाठीवर यंत्र बांधून ते परत काढून घेता येणार. ते यंत्र कसलं? स्वयंपाकघरातला मिनिटं लावायचा टायमर, त्यात काजळी धरलेली काचेची तबकडी आणि दाबाबरोबर सरकणारी सुई. मोकळ्या समुद्रात बुडणाऱ्या प्राण्याने आपली खोली आणि वेळ स्वतः लिहून आणण्याची सुरुवात ही अशी झाली. मला ही गोष्ट फार आवडते. एरवी भांड्यापाशी टिकटिकणारी वस्तू पाचशे मीटर खाली काळोखात जाऊन आली.

आणि तिने आणलेली बातमी वेगळी होती. मोकळा सील क्वचितच तासभर खाली राहत होता. बहुतेक बुड्या वीस-पंचवीस मिनिटांच्या आतल्या. पुढे कूयमन आणि सहकाऱ्यांनी बुडीनंतरचं रक्त तपासलं तेव्हा कळलं की साधारण वीस मिनिटांपर्यंतच्या बुडीत लॅक्टिक आम्ल वाढतच नाही. म्हणजे सील उधारीवर जगत नाही. खिशात आहे तेवढंच खर्चून परत येतो, दोन-चार मिनिटं श्वास घेतो आणि पुन्हा जातो. उधारी करतो ती अडलं तरच, आणि ती त्याला महाग पडते. पाऊण तासाच्या बुडीनंतर रक्त पूर्ववत व्हायला तासभर लागतो. तेवढ्या वेळात छोट्या बुड्या मारून त्याने कितीतरी मासे मिळवले असते.

हृदयाचंही तेच. मोकळ्या बुडीत ठोके कमी होतात, पण सरसकट नाही. छोटी बुडी असेल तर थोडे, लांबची असेल तर पहिल्यापासून जास्त. जणू निघतानाच किती वेळ लागणार ते ठरलेलं आहे. वर येण्याच्या जरा आधी, अजून हवा लाभलेली नसताना, ठोके वाढायला लागतात. हत्ती सीलच्या लांब बुड्यांमध्ये मात्र दोन ठोक्यांमधलं अंतर कधी कधी एवढं ताणतं की मिनिटाला तीनचा हिशोब पडतो. तेवढ्या वेळात रक्तदाब कोसळू नये म्हणून हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या सुरुवातीला एक फुगवटा असतो. ठोका पडला की तो रबरासारखा ताणतो आणि पुढचा ठोका पडेपर्यंत हळूहळू आवळत रक्त पुढे सरकवत राहतो.

शोलांडर चुकला होता का? नाही. त्याने मोजलेलं सगळं खरंच होतं. फक्त त्याचा सील फळीला बांधलेला होता आणि वर कधी घेणार हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. परतीची वेळ माहीत नसलेल्या शरीराने सगळी दारं एकदम लावून घेतली. तळ्यात नाक चिमटीत धरून उतरणारी मी त्या फळीवरच्या सीलच्या जास्त जवळची होते.

घरी मी एक प्रयोग केला. सगळ्यांना करा असं सांगणार नाही, हृदयाचं काही दुखणं असेल तर मुळीच नाही. पसरट पातेल्यात बर्फाचं पाणी घेतलं, बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि श्वास रोखून तोंड पाण्यात बुडवलं. मुलगी आकडे वाचत होती. "७८... ७४... ७०... आई, ६३!" अर्ध्या मिनिटात पंधरा ठोके उतरले. मी काहीच केलं नव्हतं. कपाळाला, नाकाभोवती गार पाणी लागलं, चेहऱ्यावरच्या मज्जातंतूने मेंदूला कळवलं आणि मेंदूने हृदयाला सबुरीने घे म्हणून सांगितलं. हृदय अचानक बेफाम धावू लागलेल्या तान्ह्या बाळांच्या चेहऱ्यावर डॉक्टर बर्फाची पिशवी ठेवतात, तेही याच जोरावर. सीलकडे आहे ते थोडंसं आपल्याकडेही आहे. कधी वापरलेलं नसतं, इतकंच.

त्या ऑक्सिमीटरचं तुम्हालाही आठवत असेल. महासाथीत जगभरची घरं त्यातल्या दुसऱ्या आकड्याकडे, प्राणवायूच्या टक्केवारीकडे, डोळे लावून बसली होती. ९४च्या खाली गेला की पोटात गोळा. २००९मध्ये जेसिका मीर आणि सहकाऱ्यांनी समुद्रात बुड्या मारणाऱ्या हत्ती सीलच्या धमनीतल्या रक्ताचा प्राणवायू मोजला. बुडीच्या शेवटाकडे ती टक्केवारी ८ ते २६च्या दरम्यान उतरलेली होती. आठ! तिथवर पोचण्याच्या कितीतरी आधी आपली शुद्ध हरपते. सील मात्र तेवढ्यावर पोहत, वाट काढत वर येतो. (ही मीर पुढे अंतराळवीर झाली आणि २०१९मध्ये क्रिस्टिना कॉकबरोबर फक्त स्त्रियांनी केलेल्या पहिल्या अंतराळचालीत बाहेर पडली. जिथे हवा नाही तिथे कसं राहायचं हा प्रश्न तिने काही सोडला नाही.)

एवढ्या कमी प्राणवायूवर मेंदू कसा तगतो, याचं एकच उत्तर नाही. हूडेड सील नावाच्या जातीच्या मेंदूतल्या पेशीच मुळात चिवट असतात, आणि बुडीत त्याचा मेंदू सुमारे तीन अंशांनी थंड होतो. थंड मेंदूची भूक कमी. याच कारणासाठी तो थंडीने कुडकुडण्याची क्रियाही बुडीत बंद करतो. मूत्रपिंडं तासभर रक्ताविना राहून पुन्हा कामाला लागतात. गाभण मादीच्या गर्भाशयाकडची वाट मात्र मोकळी राहते. आणि एक चमत्कारिक गोष्ट: हत्ती सीलच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण इतकं असतं, की ते सतत सिगारेट ओढणाऱ्या माणसाशीच जुळतं. हा विषारी वायू बाहेरून येत नाही, त्याच्या भरमसाट हिमोग्लोबिनची मोडतोड होताना शरीरातच तयार होतो. अल्प प्रमाणात तो वायू पेशींना जपत असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. आपल्याला घातक ते त्याला औषध, अशी ही तऱ्हा.

पण या सगळ्यात मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं ते आपल्याबद्दलच्या एका गोष्टीने.

श्वास रोखला की काही वेळाने छातीत जी कालवाकालव सुरू होते, जीव कासावीस होतो, ती प्राणवायू संपल्यामुळे नसते. कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे असते. आपल्याला कोठार रिकामं झाल्याचं कळत नाही, घरातला कचरा साठल्याचं कळतं. एरवी दोन्ही बरोबरच घडतं, म्हणून निभावून जातं. पण बुडी मारण्याआधी कुणी भराभर खोल श्वास घेतले तर कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो, प्राणवायू मात्र फारसा वाढत नाही. मग खाली गेल्यावर कालवाकालव होतच नाही. छान वाटत असतं. आणि त्या छान वाटण्यातच शुद्ध जाते. चांगले पोहणारेच यात बळी पडतात. सरांनी एरवी माझे सगळे हट्ट चालवून घेतले, पण एकदा एका मुलाला काठावर भात्यासारखे श्वास घेताना पाहून त्यांनी त्याला दंड धरून बाहेर काढलं होतं आणि आठवडाभर पाण्यात उतरू दिलं नव्हतं. तेव्हा मला ते अती वाटलं होतं.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूज विद्यापीठातल्या संशोधकांनी करड्या सीलना बुड्यांच्या मध्ये वेगवेगळी हवा देऊन पाहिली. त्याचे निष्कर्ष २०२५मध्ये प्रसिद्ध झाले. हवेत प्राणवायू जास्त असेल तर सील जास्त वेळ खाली राहिले, कमी असेल तर लवकर वर आले. आणि कार्बन डायऑक्साइड नेहमीच्या कितीतरी पट वाढवला तेव्हा? काही फरक पडला नाही. ते कचऱ्याकडे बघत नाहीत. कोठारात किती उरलंय ते त्यांना थेट कळतं. कसं वाटत असेल ते कळणं? आपल्याकडे त्यासाठी इंद्रियच नाही, त्यामुळे शब्दही नाही.

हत्ती सील झोपतोही पाण्याखाली. उत्तर प्रशांत महासागरात सात-आठ महिने भटकताना तो दिवसाला सरासरी दोनच तास झोपतो, तेही बुडीत, दहा-दहा मिनिटांच्या डुलक्यांनी. शार्क आणि किलर व्हेलच्या आवाक्याखाली गेलं की पोहणं थांबवायचं आणि स्वतःला सोडून द्यायचं. झोप गाढ झाली, स्वप्नाच्या टप्प्यावर अंग लुळं पडलं की तो उताणा होतो आणि गळून पडलेल्या पानासारखा गिरक्या घेत खाली खाली जात राहतो. मग जाग येते आणि तो वर निघतो. २०२३मध्ये सीलच्या डोक्यावर संवेदकांची टोपी बसवून हे पाहिलं गेलं. माझ्या मुलीला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "म्हणजे पडल्याचं स्वप्न पडतं तेव्हा तो खरंच पडत असतो?"

जमिनीवरही त्याची खोड जात नाही. वाळूत पडून झोपलेला हत्ती सील वीस-वीस मिनिटं श्वास घेत नाही, हवा नाकापुढेच असताना. त्याच्या नाकपुड्या आपल्यासारख्या उघड्या नसतात. स्नायू सैल असताना त्या बंद असतात. उघडण्यासाठी त्याला जोर लावावा लागतो. श्वास घेणं हे त्याचं काम आहे, न घेणं ही विश्रांती.

मुलगी तान्ही असताना मी रात्री उठून तिच्या नाकाखाली बोट धरून बसायची. बोटाला ऊब लागली की पुन्हा आडवी व्हायची. बहुतेक आया हे करत असाव्यात. हत्ती सीलची मादी पिल्लाला जेमतेम चार आठवडे पाजते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लू मागे उरतं, दोन-अडीच महिने, उपाशी, अंगातल्या चरबीवर. त्याचं मायोग्लोबिन अजून पुरतं भरलेलं नसतं, रक्त अजून तेवढं दाट नसतं. दिवसभर ते वाळूत झोपतं आणि झोपेतच त्याच्या नाकपुड्या मिटतात. आधी काही मिनिटं. मग त्याहून जास्त. वय वाढेल तसतशा त्या जास्त वेळ मिटलेल्या राहतात, आणि शेवटी एक दिवस ते उठून, कुणी न शिकवता, पाण्याकडे सरपटू लागतं.